मधमाशीला बडीशेप कशी शिकवावी

तुळशीला मंजिऱ्या आल्या की आमच्या गच्चीवर सकाळपासून गुणगुण सुरू होते. एकदा त्या कुंडीशेजारी साखरेच्या पाकाची बशी ठेवली. दोन तास झाले तरी एकही माशी बशीवर बसेना. वरून जायच्या आणि पुन्हा तुळशीवर. समोर गोड असून यांना कळत कसं नाही, असं वाटलं. कारण अगदी साधं होतं. साखरेला वास नसतो. माशीच्या लेखी ती बशी म्हणजे पाटी नसलेलं दुकान.

फुलाचा वास ही पाटी आणि मकरंद हा माल. कोणत्या पाटीखाली आज चांगला माल मिळतो, हे माशी बहुतांशी अनुभवाने शिकते, आणि फार पटकन शिकते. हे घरच्या घरी, बडीशेप आणि दोन-चार बश्या घेऊन पाहता येतं. कल्पना माझी नाही. ऑस्ट्रियाचे कार्ल फॉन फ्रिश यांनी शंभरेक वर्षांपूर्वी भोकं पाडलेल्या खोक्यांत वेगवेगळे सुगंध ठेवून माशांना ते ओळखायला शिकवलं होतं. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याला खोकीही लागत नाहीत.

आधी माशी बघून घ्या

गच्चीवर येणारी माशी कोणती, हे आधी पाहावं. पोटावर काळे-पिवळसर पट्टे असलेली, साधारण सेंटिमीटरभर लांबीची असेल तर ती बहुधा सातेरी. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहणारी ही माशी प्रयोगाला उत्तम. आकाराने लहान आणि पोटाचा पुढचा भाग तांबूस असेल तर फुलोरी. तीही चालेल. इमारतीच्या छज्जाखाली किंवा पाण्याच्या टाकीला लटकलेलं मोठं उघडं पोळं दिसत असेल, तर ते आग्या मोहोळ. ते जवळ असताना हा उद्योग करू नका. घरात कोणाला डंखाची ॲलर्जी असेल तरीही नको.

जवळ मधपेट्या असतील तर तिथून लांब जा. उघड्यावर पाक दिसला की माशा पेट्यांमध्येही लुटालूट सुरू करतात, आणि मधपाळाचा शिव्याशाप तुम्हाला लागतो.

वेळ म्हणाल तर जवळपास मोठा बहर नसतानाची. जांभूळ फुललेलं असताना तुमच्या पाकाला कोण विचारतो? सह्याद्रीत भर पावसाळ्यात मकरंदाचा दुष्काळ असतो, म्हणून मधपाळ तेव्हा पेटीत साखरेचा पाक देतात. आपणही अशाच टंचाईच्या दिवसांत, पण उघडीप पाहून, सकाळी आठ-नऊच्या सुमारास बसावं. रोज त्याच वेळी. माशांना घड्याळ कळतं. इंगेबोर्ग बेलिंग या संशोधिकेने १९२९ मध्येच दाखवलं होतं की ठरावीक वेळी खाऊ मिळाला, की माशा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हजर होतात, बशी रिकामी असली तरी.

पाक

वजनाने जितकी साखर तितकंच पाणी. पाणी उकळून गॅस बंद करा, मग साखर विरघळवा. साखरेसकट उकळत ठेवायचं नाही. मध वापरू नका. बाजारच्या मधातून रोगाचे जंतू पोळ्यात जाऊ शकतात, आणि शिवाय मधाला स्वतःचा वास असतो. गूळही नको. त्यातल्या क्षारांमुळे माशांना हगवण लागते. मी पहिल्यांदा हौसेने गूळच घेतला होता.

पाक दोन भागांत करा. एक भाग नुसता. दुसऱ्यासाठी दोन चमचे बडीशेप कुटून गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवा, गाळा आणि मग साखर घाला. आणखी थोडी कुटलेली बडीशेप पातळ फडक्यात बांधून सुपारीएवढी पुरचुंडी करा. तशीच एक पुरचुंडी चुरडलेल्या पुदिन्याची. ही परीक्षेच्या वेळी लागेल.

वास निवडताना

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळा प्रयोग इथेच फसतो किंवा साधतो.

मी आधी गवती चहा वापरला होता. माशा इतक्या उत्साहाने आल्या की मला वाटलं, काय हुशार विद्यार्थी आहेत! मग कळलं की मधमाशीच्या पोटाच्या टोकाशी एक ग्रंथी असते. ‘इकडे या’ असं सोबतिणींना सांगायला ती त्या ग्रंथीतून गंध सोडते, आणि पेट्यांमध्ये पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मेलिफेरा माशीच्या त्या गंधात सिट्रल आणि जिरॅनिऑल असतं. गवती चहाच्या तेलातही मुख्यतः सिट्रलच. म्हणून तर फिरता थवा पेटीत यावा यासाठी मधपाळ पेटीला ते तेल लावतात. माझ्या माशा शिकल्या होत्या की नुसत्या हाकेला ओ देत होत्या, हे सांगायची काही सोय उरली नाही. तो आठवडा वाया.

पिकलेलं केळंही टाळा. डंख मारताना माशी जो धोक्याचा गंध सोडते, त्यात आयसोअमाइल ॲसिटेट असतं, आणि केळ्याच्या वासातही तेच ठळक असतं. पोळ्याजवळ केळं खाऊ नये म्हणतात ते यासाठी. ओव्यात थायमॉल असतं. ते तीव्र झालं की माशा दूर राहतात. मधपाळ तेच माशांवरच्या गोचिडीसारख्या किडींविरुद्ध वापरतात. अत्तर, केसाचं तेल, सुगंधी साबण या गोष्टी त्या दिवशी स्वतःलाही लावू नका.

बडीशेप आणि पुदिना ही जोडी सोयीची. दोन्ही घरात असतात आणि दोघांचे वास सहज वेगळे कळतात. निदान आपल्याला. माशीला तर याहून कितीतरी बारीक फरक कळतात. मेलिफेराच्या जनुकसंचात गंध ओळखणाऱ्या ग्राहकांची (म्हणजे गंधाचे कण टिपणाऱ्या प्रथिनांची) सुमारे १७० जनुकं सापडली आहेत, चव ओळखणाऱ्यांची मात्र दहाच. तिचं नाक म्हणजे तिच्या मिशा, म्हणजे शृंगिका. त्याच मिशांनी ती गोडही चाखते.

पहिली माशी बशीवर आणणं

सगळ्यात चिकाटीचं काम हे. बशी नुसती ठेवून वाट पाहिलीत तर माझ्यासारखे बसाल. कापसाचा बारीक बोळा बडीशेपेच्या पाकात बुडवा आणि तुळशीवर बसलेल्या माशीच्या तोंडापुढे हळूच धरा. मिशा पाकाला लागल्या की ती सोंड बाहेर काढते. प्यायला लागली की ती सहसा उडत नाही. बोळा माशीसकट सावकाश बशीत टेकवा. पाच-सहा प्रयत्नांत एखादी तरी सोबत येते.

बशीत गोट्या किंवा धुतलेले खडे घालून ते अर्धे बुडतील इतकाच पाक ओता, म्हणजे माशा बुडत नाहीत. बशी पाणी भरलेल्या ताटात ठेवा. दुधाच्या पातेल्याखाली मुंग्यांसाठी करतो तसं. बशी पांढरी किंवा स्टीलची असावी. लाल रंग माशीला दिसत नाही आणि निळा-पिवळा ती लगेच ओळखते. तेव्हा रंगांची भानगड नको.

माशी पिऊन उडाली की घड्याळ पाहा. परत यायला पाच-दहा मिनिटं लागली तर पोळं फार लांब नाही.

खूण आणि शिकवणी

ती परत येऊन पिऊ लागली की गवताच्या काडीच्या टोकाने तिच्या पाठीवर, पंखांच्या मुळांमध्ये, पोस्टर कलरचा टिपका लावा. अगदी मोहरीएवढा. पंखांवर आणि मिशांवर रंग जाऊ देऊ नका. हात थरथरत असेल तर दुसऱ्याला द्या. चार-पाच माशा रंगल्या की पुरे. पांढरी, पिवळी, निळी अशी नावं आपोआप पडतात. आमच्याकडे एक ‘पिवळी’ होती, ती सगळ्यांच्या आधी हजर असायची.

आता त्यांना अर्धा-पाऊण तास बडीशेपेच्या पाकावर येऊ द्या, शेजारी बडीशेपेची पुरचुंडी. खरं तर इतक्या वेळाची गरजही नसते. रंग शिकायला माशीला काही फेऱ्या लागतात, वास बहुतेकदा एक-दोन फेऱ्यांतच बसतो. प्रयोगशाळेत हे आणखी स्वच्छ दिसतं. माशीला छोट्या नळीत अडकवतात, फक्त डोकं बाहेर. काही सेकंद वास देतात आणि लगेच मिशांना साखरपाणी लावतात. अशा दोन-तीन वेळांनंतर नुसत्या वासावरच सोंड बाहेर येते. जपानच्या किमिहिसा ताकेदा यांनी १९६१ मध्ये ही पद्धत वापरली, आणि आजही माशीची स्मृती तपासायला तीच वापरतात. घरी मात्र माशीला नळीत कोंबायच्या फंदात पडू नका.

परीक्षा

शिकवणीची बशी उचलून आत न्या. दोन कोऱ्या कागदी प्लेट घ्या, एकीत बडीशेपेची नवी पुरचुंडी, दुसरीत पुदिन्याची. दोन्ही रिकाम्या. प्लेट कोऱ्याच का? माशी जिथे बसते तिथे स्वतःच्या पायांचा वास मागे ठेवते, आणि पुढची माशी तो वाचते. जुनीच बशी धुऊन ठेवलीत तर त्या बडीशेपेला आल्या की मागच्या पावलांना, हे कळणार नाही. आणि रिकाम्या यासाठी की परीक्षा चालू असताना पाक मिळाला तर ती परीक्षा राहत नाही, दुसरी शिकवणी होते.

दोन्ही प्लेटमध्ये हातभर अंतर ठेवा. पाच मिनिटं मोजा. खूण केलेली माशी कुठे उतरते तेवढंच लिहा. फक्त घिरट्या मोजू नका. आणि बिनखुणेच्या नव्या माशा या हिशोबात नकोत. बसलेली माशी पाहून दुसरी तिथेच उतरते, गर्दी पाहून वडापावच्या गाडीवर जावं तसं. पाच मिनिटांनी प्लेटच्या जागा अदलाबदल करा आणि पुन्हा मोजा. डाव्या बाजूची सवय लागली असेल तर ती इथे उघडी पडते.

माझ्या वहीत पहिल्या खऱ्या परीक्षेत बडीशेपेवर १४ आणि पुदिन्यावर ३ उतरणी आहेत. त्या तिनातल्या दोन एकाच माशीच्या.

जमलं तर दुसऱ्या दिवशी उलटं करा: पाक पुदिन्याचा, परीक्षा तीच. मगच खात्री होते की बडीशेप मुळात आवडते म्हणून त्या जात नव्हत्या.

निरोप पोळ्यात कसा जातो

मला सगळ्यात मजा याची वाटते. बडीशेपेचा पाक पुन्हा सुरू करा. मग पंधरा-वीस मीटर लांब, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला किंवा खाली अंगणात, दोन कोऱ्या रिकाम्या प्लेट ठेवा, एक बडीशेपेची, एक पुदिन्याची. आता तिथे बिनखुणेच्या माशा मोजा. म्हणजे ज्यांना तुम्ही काहीच शिकवलेलं नाही त्या.

त्या बडीशेपेच्या प्लेटभोवतीच जास्त घोटाळताना दिसतील. पोळ्यात परतलेली माशी नाचते हे बहुतेकांना माहीत असतं. पण नाचताना तिच्या अंगाच्या लवेला फुलाचा वास चिकटलेला असतो, आणि मधूनमधून ती पोटातला थेंब सोबतिणींच्या तोंडात देते. तोही त्याच वासाचा. नाच साधारण दिशा आणि अंतर सांगतो. शेवटच्या काही मीटरमध्ये नेमकं काय शोधायचं ते वास सांगतो. याला थोडा धीर लागतो, तासभर तरी बसावं लागतं. वारा फार असेल तर त्या दिवशी सोडून द्या.

रस्त्याला लागून घर असेल तर निकाल कच्चा येऊ शकतो. डिझेलच्या धुरात फुलांच्या गंधातले काही घटक झपाट्याने नाहीसे होतात आणि मग माशांना तो गंध ओळखता येत नाही, असं ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं आहे.

शेतात याचा उपयोग

कांद्याचं बी धरणारे आणि डाळिंबवाले शेतकरी माशा याव्यात म्हणून पिकावर गुळाचं पाणी फवारतात. माशा येतातही. पण आपल्या बशीचा हिशोब लावून पाहा: माल पानावर, पाटी फुलावर. माशी पानावरचा गूळ चाटून जाते, फुलात शिरेलच असं नाही. त्यातून कांद्याच्या फुलाची गोष्ट अवघड. त्याच्या मकरंदात पोटॅशियम बरंच असतं आणि माशांना ते रुचत नाही.

अर्जेंटिनात वॉल्टर फारिना यांच्या गटाने उलट वाट धरली. सूर्यफुलाच्या वासाशी जुळणारं मिश्रण पाकात घालून तो त्यांनी पेटीतच दिला. माशा बाहेर पडल्या त्या सूर्यफूल हुडकतच. २०२० मध्ये त्यांनी मांडलेल्या आकड्यांनुसार बियांचं उत्पादन वाणाप्रमाणे २९ ते ५७ टक्क्यांनी वाढलं. तुमच्याकडे पेट्या असतील तर फुलं काही तास पाकात बुडवून, गाळून, तो पाक संध्याकाळी पेटीत देऊन पाहता येईल. फुलं मात्र कीटकनाशक न मारलेली हवीत.

बशी उचलताना

एकदम बंद केलंत तर दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी वीस-पंचवीस माशा येऊन गच्चीभर शोधाशोध करतील, आणि वाळवणं घालायला आलेल्या शेजारच्या काकू तुम्हालाच शोधत येतील. म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस पाक पातळ करत न्या: आधी एकास तीन पाणी, मग एकास सहा. पाक पातळ झाला की माशा पोळ्यात जाऊन त्यासाठी नाचत नाहीत, नव्या येणं थांबतं आणि जुन्याही हळूहळू सोडून देतात. पुरचुंड्या घट्ट बांधलेल्या पिशवीतून कचऱ्यात टाका, कुंडीत नको. मी कुंडीत टाकली होती. ‘पिवळी’ त्यानंतर तीन दिवस त्या कुंडीवर येऊन माती हुंगून जात होती.