मुलांना बोलण्याच्या रीती शिकवताना

‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नये’ हे वाक्य घरोघरी रोज म्हटलं जातं आणि रोज वाया जातं. काय करू नये एवढंच त्यात आहे. मग करायचं काय, ते मुलाला कुणी सांगत नाही. चार वर्षांच्या मुलाला सुचलेली गोष्ट फार वेळ डोक्यात धरून ठेवता येत नाही. आत्ता नाही बोललो तर विसरेन, ही त्याची भीती खरी असते. म्हणून आधी थांबायचं कसं, ते शिकवा.

एक खूण ठरवा. काही सांगायचं असलं की मुलानं तुमच्या दंडावर हात ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. तुम्ही त्याच्या हातावर हात ठेवायचा, म्हणजे ‘कळलं, थांब’. हातातलं वाक्य संपलं की त्याच्याकडे वळायचं. सुरुवातीला ५ ते १० सेकंदांतच वळा. जमू लागलं की ३० सेकंद, पुढे एक मिनिट. सराव घरात निवांत असताना, खोटंखोटं बोलून करा, दिवसातून तीन-चारदा. पाहुण्यांसमोर पहिला प्रयोग नको.

हे फसतं ते बहुधा आपल्यामुळेच. गप्पा रंगतात, दंडावरचा हात तसाच राहतो. दोनदा असं झालं की मूल पुन्हा ओरडून बोलवू लागतं, आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे. अपवादही आधीच सांगून ठेवा: कुणी पडलं, रक्त आलं, काही जळतंय, शू लागली, तर खुशाल मध्ये बोलायचं.

आळीपाळीनं बोलणं शिकवायला चमचा पुरतो. जेवताना चमचा ज्याच्या हातात, तो बोलणार. तीन वाक्यं झाली की पुढे द्यायचा. नियम मोठ्यांनाही लागू. बुजऱ्या मुलाची अडचण उलटी असते. मोठ्यांच्या गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण ०.२ सेकंद लागतात. मुलाला उत्तर जुळवायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. त्याच्या वतीनं उत्तर देऊ नका.

सहा-सात वर्षांनंतर पुढची रीत: आधी समोरच्याच्या गोष्टीवर एक प्रश्न, मग आपली गोष्ट. ‘मी सायकलवरून पडलो’ याला ‘माझी सायकल लाल आहे’ हे उत्तर नाही, ‘लागलं का?’ हे आहे. एका वेळी एकच रीत घ्या, ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरी नको.

‘डोळ्यांत बघून बोल’ ही सक्ती मात्र टाळा. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना, नजरेला नजर देणं त्रासाचं होतं. अंग समोरच्याकडे वळलेलं असलं तरी पुरे.

चूक चारचौघांत सुधारू नका. घरी आल्यावर तोच प्रसंग पुन्हा खेळून दाखवा. आणि फोनवर बोलताना लहान मुलं होकारासाठी नुसती मान हलवतात. पलीकडच्याला ती दिसत नाही, हे वेगळं सांगावं लागतं.