टेक्सासचे जुने नकाशे जमवताय? या चुका टाळा

कोपऱ्यात छापलेलं साल हेच नकाशाचं वय समजणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ते साल पुष्कळदा फक्त प्रकाशनहक्काच्या नोंदणीचं असतं. एकदा छपाईचा तांब्याचा पत्रा कोरला की प्रकाशक त्यावरच दुरुस्त्या करून वर्षानुवर्षं नकाशे छापत. टेक्सासमध्ये वसाहत वसवणाऱ्या स्टीफन ऑस्टिनचा टेक्सासचा नकाशा फिलाडेल्फियाचा प्रकाशक हेन्री टॅनरने १८३० मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे दहा वर्षं निघत राहिल्या.

म्हणून आधी नकाशावरची सगळ्यात नवी गोष्ट शोधा. ह्यूस्टन वसलं १८३६ मध्ये, राजधानी ऑस्टिन १८३९ मध्ये. ‘१८३५चा’ म्हणून दाखवलेल्या नकाशावर ह्यूस्टन असेल, तर पैसे काढू नका. काउंट्याही (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) मोजा: १८३६ मध्ये टेक्सास स्वतंत्र प्रजासत्ताक झालं, तेव्हा २३ होत्या, आज २५४ आहेत. एकट्या हद्दीवर मात्र विसंबू नका. उत्तरेला थेट आजच्या वायोमिंगपर्यंत गेलेली चिंचोळी पट्टी अमेरिकी काँग्रेसच्या १८५०च्या तडजोडीत टेक्सासच्या हातून गेली, पण आळशी प्रकाशकाच्या नकाशात ती पुढेही राहून जाऊ शकते. जुनी रेघ मागे राहते. न वसलेलं शहर आधी उगवत नाही. (तो लांब मानेचा टेक्सास मला फार आवडतो, म्हणूनच तिथे जास्त जपून पाहतो.)

पिवळटपणावर भाळू नका. त्या काळचा कागद चिंध्यांपासून बनायचा आणि नीट ठेवलेला असला तर आजही बराच पांढरा, मऊ असतो. तपकिरी, कुरकुरीत कागद बहुधा आठवणवस्तूंच्या दुकानातला. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती आधुनिक छपाई.

फिलाडेल्फियाचाच प्रकाशक मिचेल याचा १८४६चा टेक्सास, ऑरेगन आणि कॅलिफोर्नियाचा नकाशा खिशात मावणाऱ्या पुठ्ठ्यात घडी करून विकला जाई. असे नकाशे घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे फाटतात. तिथे चिकटपट्टी लावू नका. तिचा डाग कागदात मुरतो. लॅमिनेशनचा तर विचारही नको. कागदाची दुरुस्ती जाणणाऱ्याकडेच द्या आणि फ्रेम उन्हापासून लांब टांगा.

मालकीची चौकशी टाळणं ही शेवटची चूक. २००५ मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक नामांकित विक्रेता नकाशे चोरताना पकडला गेला. पुढे त्याने ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली. खोडलेला शिक्का किंवा ताजा कापलेला समास दिसला, तर नकाशा कुठून आला ते लेखी मागा.


तुलनेसाठी टेक्सास जनरल लँड ऑफिस (राज्याचं जमीन कार्यालय) आणि डेव्हिड रमसी या नकाशासंग्राहकाच्या संग्रहातल्या प्रती ऑनलाइन पाहता येतात. विकत घ्यायचा नकाशा त्यांच्या शेजारी उघडून एकेक गाव ताडून पाहा.