घरातला रेडॉन: मोजायचा कसा आणि जास्त निघाला तर काय करायचं

रेडॉन म्हणजे जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी गॅस, आणि त्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, वास कसा येतो आणि त्रास काय होतो. तर वास येत नाही, रंग नाही, चव नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही आणि मग कधीतरी फुफ्फुसाचा कॅन्सर निघू शकतो. त्यामुळे "आम्ही इतकी वर्षं राहतोय, काही झालं नाही" याच्यावर प्लीज विसंबू नका, हा गॅस फक्त मोजूनच कळतो.

तो येतो जमिनीतून. माती-दगडात थोडंफार युरेनियम सगळीकडेच असतं, त्याचं हळूहळू रेडियम होतं आणि रेडियमपासून रेडॉन, आणि गॅस असल्यामुळे तो फटीफटीतून वर येतो. मोकळ्या हवेत लगेच पांगतो, तिथे साधारण 5 ते 15 बेकरेल प्रति घनमीटर एवढाच असतो (बेकरेल म्हणजे सेकंदाला किती अणू तुटतात त्याचं माप, पुढचे बेकरेलचे आकडेही प्रति घनमीटर हवेचेच). घरात मात्र आतली गरम हवा वर चढून बाहेर जाते, त्यामुळे खाली ओढ तयार होते आणि जमिनीतली हवा कोब्याच्या भेगांतून, पाइपांच्या भोवतीच्या फटींतून, भिंत आणि फरशीच्या सांध्यातून आत खेचली जाते. म्हणून तळघर आणि तळमजल्यावर जास्त, आणि थंडीत दारंखिडक्या बंद असतात तेव्हा अजून जास्त.

आता शरीरात काय होतं ते नीट समजून घ्या, कारण इथेच बऱ्याच जणांचा घोळ होतो. रेडॉन स्वतः बहुतेक श्वासाबरोबर बाहेर पडतो. पण तो साधारण 3.8 दिवसांत निम्मा होतो, आणि तुटताना त्याचं पोलोनियम तयार होतं, ते घन असतं, धुळीच्या कणांना चिकटतं आणि श्वासातून फुफ्फुसात जाऊन बसतं. तिथे त्यातून अल्फा कण, म्हणजे किरणोत्सर्गाचे जड, वेगवान कण सुटतात. बाहेरून आले तर हे कण कातडीसुद्धा ओलांडू शकत नाहीत, पण फुफ्फुसाच्या आतल्या नाजूक पेशींसमोर मधे काहीच आड नसतं, थेट डीएनएला मार बसतो. कॅन्सर संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1988 मध्येच रेडॉनला माणसात कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार फुफ्फुसाच्या कॅन्सरपैकी 3 ते 14 टक्के रेडॉनमुळे होतात, आणि दीर्घकाळच्या सरासरीत दर 100 बेकरेल वाढले की धोका साधारण 16 टक्क्यांनी वाढतो. सिगारेट ओढणाऱ्यांना रेडॉनचा धोका न ओढणाऱ्यांच्या अंदाजे 25 पट. त्यामुळे घरात कुणी ओढत असेल तर मोजणी चालू करा आणि त्याच दिवशी सिगारेट सोडायचंही मनावर घ्या, दोन्ही एकत्र असणं फार वाईट.

1984 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात स्टॅनली वॉट्रस नावाचे इंजिनियर अणुवीज केंद्रात कामाला होते आणि तिथला रेडिएशनचा अलार्म त्यांच्यामुळे वाजायला लागला. शोधल्यावर कळलं की प्लांटचा काही संबंधच नाही, कपड्यांवर आलं ते घरून, त्यांच्या घरात रेडॉन एक लाख बेकरेलच्या आसपास होता! आणि रेडॉन घरागणिक वेगळा असतो बरं का, शेजाऱ्याकडे कमी निघाला म्हणून आपल्याकडे कमी असेल असं अजिबात नाही.

मोजायला दोन प्रकार. एक कोळशाची डबी, 2 ते 7 दिवस ठेवायची आणि लगेच लॅबला पाठवायची, उशीर केला तर रिझल्ट बिघडतो. दुसरा अल्फा ट्रॅक डिटेक्टर, ही छोटीशी प्लास्टिकची डबी असते, 3 महिन्यांपासून वर्षभर ठेवतात. माझं स्पष्ट मत, घाई नसेल तर दुसराच घ्या, कारण रेडॉन रोज वरखाली होतो, हवामानाप्रमाणे बदलतो, आणि आपल्याला हवी असते वर्षभराची सरासरी. इलेक्ट्रॉनिक मीटरही मिळतात, पण त्यावर एका रात्रीचा आकडा बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका.

डबी ठेवायची ती घरातल्या सगळ्यात खालच्या, रोज वापरात असलेल्या खोलीत, जमिनीपासून अर्धा मीटर तरी वर, खिडकी, पंखा आणि बाहेरची भिंत यांच्यापासून लांब, आणि किचन-बाथरूममध्ये नाही. कमी दिवसांची टेस्ट असेल तर 12 तास आधीपासून ती संपेपर्यंत दारंखिडक्या बंद, येण्याजाण्यापुरतंच उघडायचं. एकदा ठेवली की हलवू नका.

रिझल्ट आला की बघा, जागतिक आरोग्य संघटना म्हणते 100 बेकरेलच्या खाली ठेवा, ते जमतच नसेल तर निदान 300 च्या वर जाऊ देऊ नका. अमेरिकेत 148 ला उपाय करा म्हणतात, त्यांच्या युनिटमध्ये 4 पिकोक्युरी प्रति लिटर. या रेषांच्या खाली धोका शून्य होतो असं नाही, कमी होतो.

जास्त निघाला तर खिडक्या उघडा, पण ते तात्पुरतं, बंद केल्या की काही तासांत पुन्हा चढतो. भेगा बुजवणं चांगलं पण नुसतं तेवढ्याने भागत नाही, गॅस दुसरी फट शोधतो. खरा उपाय म्हणजे कोब्याखालून एक पाइप काढून छताच्या वर न्यायचा आणि त्याला सतत चालणारा फॅन लावायचा, म्हणजे गॅस घरात यायच्या आधीच बाहेर खेचला जातो. हे काम अनुभवी माणसाकडूनच करून घ्या. घर नवीन बांधत असाल तर कोबा टाकायच्या आधीच खाली खडीचा थर, त्यावर जाड प्लास्टिक आणि पाइप टाकून ठेवा, नंतर फोडाफोड करण्यापेक्षा खूप सोपं जातं. बोअरचं पाणी वापरत असाल तर तेही तपासा, पाण्यात विरघळलेला रेडॉन शॉवर घेताना हवेत येतो.

फॅन बसवून झाला की पुन्हा मोजायचं, आणि त्यानंतरही दर दोनेक वर्षांनी एकदा, शिवाय घराची मोठी दुरुस्ती केली किंवा तळघरात कुणी झोपायला लागलं तर लगेच. फॅन चालू आहे की नाही हे दाखवणारा छोटा गेज पाइपवर बसवून घ्या आणि येताजाता त्याच्यावर नजर टाकत जा, कारण फॅन बंद पडला तरी घरात कुणाला काहीच जाणवणार नाही.