जुनी जीप घरी दुरुस्त करून उभी करताय? या चुका टाळा

अर्धवट सोडलेल्या जुन्या जीपच्या जाहिराती एकदा नीट वाचून बघा. "नवीन रंग, नवीन टायर, नवीन सीट, किरकोळ काम बाकी, वेळेअभावी विकणे आहे." खोदून विचारलं की कळतं, किरकोळ काम म्हणजे ब्रेक, चेसिस आणि कागदपत्रं. म्हणजे जे आधी व्हायला हवं होतं ते सगळंच. घरच्या घरी गाडी उभी करणं जमत नाही असं नाही, जमतं. बहुतेकांचा क्रम चुकतो. डोळ्यांना दिसतं ते आधी केलं जातं, आणि पैसे संपतात तेव्हा गाडी ठोकळ्यांवरच असते.

इथे डोळ्यांसमोर धरली आहे ती आपल्या ओळखीची उंच बॉनेटची पेट्रोल जीप, सीजे-३बी. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज या अमेरिकी कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात केली, आणि अमेरिकेत १९५३ मध्ये आलेलं हे मॉडेल पुढे आपल्याकडे अनेक वर्षं बनत राहिलं. बॉनेट उंच आहे ते इंजिनामुळे. २,१९९ सीसीच्या हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारे) हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारे) खालच्या ब्लॉकमध्ये असतात. हेडची उंची वाढली तसं बॉनेट वर गेलं. ही रचना लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कागद न बघता पाना हातात घेणं

गाडी दारात आली की पहिला मोह असतो तो खोलायचा. आधी आरसी बुक आणि चेसिस समोरासमोर ठेवा. चेसिस नंबर तारेच्या ब्रशने हळूच साफ करा, पेन्सिलने कागदावर ठसा घ्या आणि आकडा न् आकडा जुळवा. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या जीप दोन-तीन गाड्यांच्या हाडामांसातून बनलेल्या असतात. फ्रेम एकीची, टब (पत्र्याची बॉडी) दुसरीचा, इंजिन भलत्याच गाडीचं. हे पैसे देण्याआधी कळलेलं बरं. आणि त्या नंबरावर कधीही ग्राइंडर चालवू नका. गंज काढण्याच्या भरात नंबर पुसट झाला की गाडी कितीही सुंदर करा, आरटीओत उभी राहणार नाही.

दुसरा मोह डिझेल इंजिन टाकण्याचा. "पेट्रोल परवडत नाही हो" हे खरं आहे. पण जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकीची विंटेज म्हणून नोंद होऊ शकते, ती चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं इतपतच. रोज फिरवायची असेल तर नेहमीच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर हा रस्ता आहे. कुठला रस्ता धरायचा ते आधी ठरवा, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मनाला येईल ते इंजिन बसवून मागाहून कागद रंगवता येत नाहीत. बॉनेट कापून "लो बॉनेट" करण्याची हौस तर मला अजिबात कळत नाही. उंच बॉनेट हीच त्या गाडीची ओळख आहे.

टाकी जागेवर ठेवून वेल्डिंग

हे वाचून हसू नका, लोक करतात. जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, आणि फरशीचा पत्रा सडतो तोही नेमका त्याच भागात. पेट्रोल काढून घेतलं म्हणजे टाकी सुरक्षित झाली असं नाही. द्रव नसलेली पण वाफेने भरलेली टाकी काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. टाकी उतरवा, आवाराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवा, पेट्रोलचे पाइपही काढा, बॅटरीचं कनेक्शन सोडा, आणि मगच वेल्डिंगवाल्याला बोलवा. टाकीलाच भोक असेल तर ती घरी झाळायची नाही, हे काम रोज करणाऱ्याकडे द्यायची.

पत्र्याच्या कामात नवशिक्याला दिसतो तो वरचा सडका भाग. खरी सड खाली असते. फरशीखाली पत्र्याच्या आडव्या पोकळ पट्ट्या असतात, त्यांत माती आणि पाणी साचतं. कोकणातली गाडी असेल तर त्या धरून चाला की गेल्याच. फ्रेमवर पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर जिथे बसतात तो भाग आणि मागचा आडवा मेंबर छोट्या हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आतून पोकळ झालंय. टब कापण्याआधी दरवाज्यांच्या मोकळ्या जागेत आडवे पाइप झाळून घ्या, नाहीतर फरशी काढताच टब फाकतो आणि नंतर विंडशील्डची फ्रेम काही केल्या बसत नाही. गंजावर लांबी (पुटी) भरून रंग मारणं म्हणजे एका पावसाळ्यापुरतं समाधान.

जाम इंजिनाला धक्का मारणं

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढायची आणि गिअरमध्ये टाकायची, हा गावोगावचा प्रयोग आहे. पिस्टनच्या रिंग सिलिंडरला चिकटलेल्या असतात, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेले असतात. झटका बसला की रिंग तुटते, पुशरॉड वाकतो, नाहीतर पिस्टनच चिरतो. त्यापेक्षा चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओता आणि काही दिवस विसरून जा. मधून मधून पुढचं हँडल लावून हलकंच दाबून बघा. केसभर हललं तरी पुरे. जोर लावायचा नाही, पुन्हा तेल, पुन्हा वाट.

फिरायला लागलं म्हणून लगेच स्टार्टर मारू नका. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उतरवा. तळाशी डांबरासारखा गाळ हमखास सापडतो, तो ऑइल पंपाच्या जाळीत गेला की बेअरिंग गेल्याच. चेंबर धुवा, नवं ऑइल भरा, प्लग काढलेले असतानाच इंजिन फिरवून ऑइलचं प्रेशर येऊ द्या, मग स्पार्क द्या.

आता वरची ती रचना आठवा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची बारीक फट, सेट करताना अनेक जण वरचं झाकण उघडतात, चार इनटेक सेट करतात आणि काम झालं म्हणून चहाला जातात. एक्झॉस्टचे चार टॅपेट ब्लॉकच्या बाजूच्या झाकणामागे असतात. हात घालायला जागा अवघड, म्हणून राहूनच जातात. थंड इंजिनावर इनटेकला १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्टला १६ थाऊ. एक्झॉस्ट टाइट राहिले तर व्हॉल्व्ह जळतात आणि महिन्याभरात गाडी तीन सिलिंडरवर फटफटायला लागते. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप २० थाऊ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या. पोस्टकार्डाच्या तुकड्यावर भागवणाऱ्या मेकॅनिकचा हात बसलेला असतो, आपला नाही.

गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर निमूट चालू होते? अंदाजाने पार्ट बदलत बसू नका. बंद पडल्या क्षणी एक प्लगची वायर काढून स्पार्क बघा. स्पार्क पिवळा, मेल्यासारखा असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल. स्पार्क निळा आणि कडक असेल तर पेट्रोल पोहोचत नाहीये. एक्झॉस्टच्या जवळून गेलेल्या पाइपात पेट्रोलची वाफ झाली असेल, किंवा पंपाचा डायफ्राम गेला असेल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुने रबरी पाइप, डायफ्राम, बुचाची पॅकिंग त्याला टिकत नाहीत. हे सगळं इथेनॉल चालणाऱ्या रबराचं बदला, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ते टाकीच्या तळाशी बसतं.

इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणं ही आपल्याकडची जुनी खोड. तापण्याचं कारण बहुतेक वेळा ब्लॉकच्या मागच्या भागात साचलेला गाळ किंवा बुजलेला रेडिएटर असतो. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हिवाळ्यात थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

ब्रेक शेवटी करणं

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक ही. इंजिन चालू झालं की चार मित्र येतात, एक फेरी मारायची असते, आणि ब्रेक "सध्या पंप करून लागतात" अशा अवस्थेत गाडी गेटबाहेर पडते. या जीपला ब्रेकचं सर्किट एकच आहे. कुठल्याही एका चाकाला गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. इंजिनाच्या आधी ब्रेक पुरे करा: मास्टर सिलिंडर (पेडलने तेल दाबणारा), चारही चाकांचे सिलिंडर, सगळे रबरी होज आणि गंजलेले लोखंडी पाइप. आधीच्या मालकाने चुकून साधं ऑइल टाकलं असेल तर आतलं एकूण एक रबर फुगलेलं असतं. नुसतं धुऊन भागत नाही, सगळं रबर बदलावं लागतं. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

चाक जाम राहतं, ब्रेक सोडला तरी सुटत नाही, ही हमखास येणारी तक्रार. ती शोधायची पद्धत अशी. ब्रेक दाबून सोडा, चाक अडकलं की त्या चाकाचा ब्लीडर (तेल सोडायचा स्क्रू) उघडा. तरीही सुटलं नाही तर दोष ड्रमच्या आत आहे: शू जास्त टाइट, सिलिंडर जाम किंवा स्प्रिंग ढिली. ब्लीडर उघडताच सुटलं तर तेलाचा दाब अडकला होता. मग ब्लीडर बंद करा, पुन्हा ब्रेक दाबून सोडा, आणि या वेळी मास्टर सिलिंडरकडचा पाइप किंचित सैल करा. चाक सुटलं तर दोष मास्टरमध्ये. आणि तिथे सर्वांत आधी बघायचं ते पेडलची मोकळी हालचाल. ती साधारण अर्धा इंच हवी. अजिबात नसेल तर आतलं बारीक भोक बंदच राहतं आणि तेल परत येत नाही. मास्टरकडे सैल करूनही सुटलं नाही तर मधला होज आतून फुगलाय. बाहेरून तो नवा दिसेल, त्यावर जाऊ नका.

हँडब्रेकचं तर आणखीच वेगळं. या जीपला तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. म्हणजे तो शाफ्ट खोलला की हँडब्रेक गेला. आणि एक मागचं चाक जॅकवर उचललं तरीही तो गाडी धरत नाही, कारण डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) उचललेलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं सरकतं. हँडब्रेक ओढलाय म्हणून निर्धास्तपणे गाडीखाली शिरू नका. दगड नव्हे, लाकडाचे ठोकळे लावा आणि फ्रेमखाली घोड्या (जॅकस्टँड) ठेवा.

पाने, आटे आणि पार्ट

जुन्या विलीज-महिंद्रात डाव्या बाजूच्या चाकांचे नट अनेकदा उलट्या आट्यांचे असतात. बोल्टच्या टोकावर इंग्रजी 'एल' दिसतं का बघा. पाइप लावून नेहमीच्या दिशेने जोर काढणाऱ्यांनी मोडलेले बोल्ट भंगारात ढिगाने सापडतील. बाकी नट-बोल्टही इंचात आहेत. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे चार सुताच्या नटावर तेरा नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या नटाचे कोपरे तोच गोल करतो. इंची पान्यांचा एक सेट घ्याच.

पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला. हेड फेसिंग, बोअर, क्रँक ग्राइंडिंगसाठी कोल्हापूरच्या उद्यमनगरासारखी जागा. जुना पार्ट सोबत न्या, फोटोवर विश्वास नको. आणि मूळ पार्ट नवा येईपर्यंत जुना भंगारात देऊ नका. आज मिळणाऱ्या नकली क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि सीलपेक्षा घासून वापरलेला जुना मूळ पार्ट कधी कधी बरा असतो.

रंग

रंग सगळ्यांत शेवटी, आणि पावसाळ्यात नाही. दमट हवेत रंगावर पांढुरकी छटा येते. पीयू (पॉलियुरेथेन) रंग साध्या मास्कवर घरी फवारू नका, त्यातलं हार्डनर फुप्फुसांना घातक आहे. मोठ्या सपाट पत्र्यावर जोरात ब्लास्टिंग (वाळूचा मारा) केलं तर पत्रा लहरतो.

रंगानंतर येणारी एक तक्रार मात्र ठरलेली: स्टार्टर कण्हतो, हेडलाइट मंद, इंडिकेटर लावला की दुसरंच काही पेटतं. लोक नवी बॅटरी आणतात. दोष नव्या रंगाचा असतो. अर्थिंगच्या जागाही रंगून गेल्यात. स्टार्टर मारत असताना मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि इंजिन ब्लॉकवर लावा; अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. बॅटरी ते फ्रेम, फ्रेम ते इंजिन, फ्रेम ते बॉडी, तिन्ही जागा घासून चकचकीत पत्र्यावर पट्टी बसवा.

पहिल्या फेरीत फोर बाय फोर

गाडी तयार झाली की डांबरी रस्त्यावरच फोर बाय फोर टाकून बघायची हौस होते. या ट्रान्सफर केसमध्ये मधलं डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, डांबरावर ती घसरू शकत नाहीत, त्यामुळे ताण शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साचतो. मग लिव्हर परत येत नाही आणि "ट्रान्सफर केस गेला" म्हणून लोक तो उतरवायला घेतात. लिव्हरवर लाथा मारू नका. गाडी सरळ रेषेत पाच-दहा फूट रिव्हर्स घ्या, लिव्हर आपोआप सुटतो.