पहिला लेथ घरी येण्याआधी: पॅकिंग घेतलंत का?

लेथच्या, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्राच्या, खोक्यात चक (तुकडा पकडून फिरवणारी पकड) येतो, चक की येते, ॲलन की येतात, बहुधा एक डेड सेंटरही (न फिरणारं टोकदार टेकण) येतं. कापणाऱ्या टूलखाली घालायचं पॅकिंग, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, येत नाही. मागच्या वेळी यादीतून राहून गेलं ते हेच, आणि बाकी सगळी खरेदी समोर मांडलेली असूनही एक कट धड लागला नाही. म्हणून यादीत पहिल्या ओळीवर पॅकिंग लिहा, बाकीचं त्याखाली.

पुढचे आकडे टेबलावर मावणाऱ्या मिनी लेथचे आहेत: बेडवर (खालच्या लोखंडी रुळांवर) १८० मिमीच्या आसपास व्यास फिरतो, दोन सेंटरमध्ये ३०० ते ३५० मिमी लांबी मावते, वजन ४० किलोच्या आगेमागे, टेलस्टॉकला (चकसमोरच्या सरकत्या टेकणाला) दोन नंबरचा मोर्स टेपर, म्हणजे ठरावीक मापाचं निमुळतं भोक.

टेबल अँगलचं, वेल्ड केलेलं, भिंतीला बांधता आलं तर उत्तम. चकचं सेंटर उभ्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर यावं. त्याहून खाली असेल तर कंबर धरते आणि डोकं चककडे झुकतं, ते जास्त धोक्याचं. लेथ उचलायला दोन माणसं लागतात. हँडव्हील धरून उचलू नका, बेडखाली पट्टा घाला. अर्थिंग तपासून घ्या. दिव्याचंही बघा. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तीन जॉचा (जबड्यांचा) चक २००० आरपीएमला फिरतो तेव्हा सेकंदाला बरोबर १०० जॉ समोरून जातात, आणि फिरता चक थांबलेला दिसतो. काही स्वस्त एलईडीतही हे होतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लेथवर लावायचा नाही.

मशीन आलं की लगेच चालू करू नका. बेडवर आणि स्लाइडवर गंज लागू नये म्हणून चिकट ग्रीस फासलेलं असतं, आणि त्यात कारखान्यातलाच बारीक कीस अडकलेला असतो. तो तसाच घासला गेला तर स्लाइडवर ओरखडे पडतात. रॉकेल किंवा डिझेल, ब्रश, जुनी सुती फडकी. पेट्रोल नको, बंद खोलीत तर अजिबात नको. मग ६८ ग्रेडचं स्लाइडवे ऑइल पातळ फासा. पावसाळ्यात हे रोज संध्याकाळी करावं लागतं, कोकणात राहत असाल तर वर्षभर. गिबचे (स्लाइडची ढिलाई काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रू तेव्हाच जुळवून घ्या: हँडल फिरवताना किंचित जड लागलं पाहिजे, पण अडकता कामा नये.

आता पॅकिंग. टूलचं टोक जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, सेंटरच्या उंचीला यायला लागतं, आणि चार बाजूंच्या साध्या टूल पोस्टवर (टूल आवळून धरणाऱ्या ठोकळ्यावर) ती उंची जमवायचा एकच मार्ग असतो, टूलखाली पट्ट्या. टोक वर राहिलं तर धारेखालची पाठ जॉबवर घासते. टूल कापत नाही, चोळतं, धूर निघतो, आणि नवशिक्याला वाटतं धार गेली. टोक खाली राहिलं तर फेसिंग करताना (जॉबचं टोक सपाट कापताना) मधोमध बारीक खुंटी उरते, आणि पार्टिंग करताना (तुकडा कापून वेगळा करताना) जॉब टूलवर चढू पाहतो. पार्टिंग टूलचं पातं तुटतं ते बहुतेक वेळा इथेच. मग माणूस स्पीड बदलतो, ऑइल बदलतो, दुसरं टूल मागवतो. कमी असते ती ०.४ मिमीची पट्टी.

काय घ्यायचं ते नीट लिहा. ०.१, ०.२ आणि ०.५ मिमीच्या दोन-दोन पट्ट्या, १ मिमीच्या दोन, २ मिमीची एक. लांबी टूल पोस्टच्या बाजूएवढी, रुंदी टूलच्या शँकएवढी (दांड्याएवढी). मुंबईत नागदेवीला टूलची दुकानं ओळीने आहेत, पितळी किंवा स्टीलची शिम (पातळ पत्र्याची) पट्टी तिथे विचारा. ते जमलं नाही तर हॅक्सॉचं जुनं ब्लेड साधारण ०.६५ मिमीचं असतं, दात ग्राइंडरवर काढून टाका. दाढीचं ब्लेड ०.१ मिमी; त्याच्या दोन्ही धारा आधी घासून बोथट करा. कागद आणि पुठ्ठा चालत नाही, बोल्ट आवळला की दबतो आणि उंची बदलते. कापलेल्या प्रत्येक पट्टीची बर (कडेला उरलेली धारदार कोर) कानशीने काढा, नाहीतर ०.१ ची पट्टी ०.२ ची होते. पाच पातळ पट्ट्यांपेक्षा एक जाड आणि एक पातळ बरी, कारण थर वाढले की स्प्रिंगसारखे दबतात. पट्टी टूल पोस्टच्या कडेपर्यंत पुढे आली पाहिजे. मागे राहिली तर टूल तेवढं अधांतरी राहतं आणि थरथरतं.

मागवण्याआधी एक माप घ्या: टूल पोस्टच्या खाचेच्या तळापासून टेलस्टॉकच्या सेंटरच्या टोकापर्यंतची उंची. टूलचं टोक त्या मापाहून कमी उंच हवं. मशीन १० मिमी शँकचं म्हणून विकलं जात असलं तरी सुरुवातीला ८ मिमीचं टूल घ्या. खाली जागा उरते तेव्हाच पॅकिंग घालता येतं. टूल मुळातच उंच असेल तर कितीही पट्ट्या आणा, उपयोग नाही.

जमलं की नाही हे बघायला सहा इंची स्टीलची मोजपट्टी पुरते. मशीन बंद ठेवून ती गोल जॉब आणि टूलचं टोक यांच्यात हलकेच धरा. मोजपट्टी सरळ उभी राहिली तर उंची बरोबर. वरचं टोक तुमच्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पॅकिंग वाढवा. पलीकडे झुकलं तर काढा. नंतर फेसिंग करून खात्री करा: उरलेल्या खुंटीचा व्यास मोजा, त्याच्या निम्मं पॅकिंग हवं. ०.८ ची खुंटी, ०.४ चं पॅकिंग. खुंटी गेली की ती उंची बेडपासून मोजून तेवढाच एक ठोकळा बनवून ठेवा, पुढे प्रत्येक टूल त्याला लावून बघायचं. प्रत्येक टूलच्या पट्ट्या त्या टूलबरोबरच रबर लावून ठेवा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला वरून धार लावली की टोक खाली जातं, म्हणजे पुन्हा पॅकिंग. क्विक चेंज टूल पोस्ट (स्क्रूने उंची जमवता येणारं) घेतलं की ही कटकट संपते. पण ते नंतर. आधी पॅकिंग.

टूल: ८ मिमी चौरस एचएसएस बिट, चार पुरेत. एक डाव्या हाताचं, एक उजव्या हाताचं, एक बोथट गोल टोकाचं, एक पार्टिंगचं. धार लावायला १५० मिमीचा बेंच ग्राइंडर, पाण्याचा डबा शेजारी. ग्राइंडर लेथपासून लांब ठेवा, त्याची धूळ बेडवर बसली की बेड खाते. टेलस्टॉकला ड्रिल चक, रिव्हॉल्व्हिंग सेंटर (जॉबबरोबर फिरणारं), २ आणि ३.१५ मिमीचे सेंटर ड्रिल (सेंटरसाठी खळगा पाडणारे). मोजायला १५० मिमीचा कॅलिपर, जमल्यास ० ते २५ चा मायक्रोमीटर आणि मॅग्नेटिक बेसवरचा डायल गेज. क्रॉस स्लाइडचा (टूल आडवं सरकवणाऱ्या स्लाइडचा) डायल त्रिज्या दाखवतो की व्यास, हे पहिल्याच दिवशी मोजून घ्या.

चश्मा हवाच. हातमोजे घालायचे नाहीत. मनगटातला गंडा, कडं, राखी, घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी, ओढणी, सैल बाही, मोकळे केस, यातलं काहीही अंगावर ठेवून चक चालू करायचा नाही. चक की हातातून सुटते ती थेट जागेवर टांगायची, चकमध्ये एक क्षणही सोडायची नाही. चिप (कापून निघणारा कीस) हाताने ओढू नका, ब्रश आणि आकडा ठेवा.

कच्चा माल: २० ते २५ मिमी ॲल्युमिनियम आणि पितळ. बांधकामाची सळई आणू नका, तिच्यावर पापुद्रा असतो आणि कठीणपणाचा भरवसा नसतो.

मशीन टेबलाला बोल्ट करताना जोर लावला तर बेडला पीळ पडतो. २५ मिमीची दांडी चकमधून १०० मिमी बाहेर, टेलस्टॉक न लावता, दोन टोकांना हलका कट, दोन्ही व्यास मोजा. बाहेरचा मोठा असेल तर टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली शिम, लहान असेल तर मागच्या. इथेही पट्ट्याच लागतात, तेव्हा जास्तीच्या कापून ठेवा.

चालू करताना आधी चक हाताने पूर्ण फिरवा. कमी स्पीडला १० मिनिटं, मग हळूहळू वर. एचएसएस टूलने २० मिमी माइल्ड स्टील ४०० आरपीएम, तेवढंच ॲल्युमिनियम १२०० पर्यंत. कट ०.२ मिमी. वरच्या चाचणीचा हलका कट सोडला तर टेलस्टॉकशिवाय जॉब व्यासाच्या तिपटीहून जास्त बाहेर काढू नका. पार्टिंग निम्म्या स्पीडला, ऑइल लावून. आणि त्याआधी पार्टिंग टूलखालचं पॅकिंग मोजपट्टी लावून पुन्हा एकदा बघा.