पोराच्या हातून चूक झाली तर त्याच्यावर शिक्का बसू नये म्हणून काय करायचं

बिल्डिंगमधली सायकल गेली की ग्रुपवर लगेच सीसीटीव्हीचा व्हिडिओ येतो आणि खाली कोणीतरी टाकतं "हाच तो, वाया गेलेला". सगळ्यात आधी तो व्हिडिओ काढायला लावा, सेक्रेटरीकडे द्या, लागलं तर पोलिसांना द्या, पण ग्रुपवर नको. पोरगं १८ च्या आतलं असेल आणि चौकशी सुरू झाली असेल तर त्याचं नाव, पत्ता, शाळा उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ मध्ये मनाई आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही.

मग त्याच्याशी बोला, पण केलं त्याबद्दल. "सायकल नेलीस, ती आणून दे, ब्रेक तुटलाय तो दुरुस्त करून दे" एवढंच. "तू चोरच आहेस" अजिबात नको. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्टने १९५१ मध्येच हा फरक मांडला होता, पहिली चूक कितीतरी पोरं करतात आणि विसरतात, पण लोकांनी चोर ठरवलं की पोरगंही स्वतःला तेच समजून वागायला लागतं.

आणि शिक्का सगळ्यांवर सारखा बसत नाही हो. विल्यम चँब्लिस या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या एका शाळेतले दोन ग्रुप बघितले (१९७३), चांगल्या घरची पोरंही तितकेच उद्योग करायची पण गावाच्या नजरेत गुंड फक्त गरिबाघरची. आपल्याकडे ठाण्यात घोडबंदरच्या टॉवरमधल्या मुलाची ती मस्ती आणि वागळेच्या चाळीतल्याची गुंडगिरी, असं होतंय का ते स्वतःला विचारा.

सगळ्यात महत्त्वाचं, त्याला बाहेर काढू नका. क्रिकेटच्या टीममधून, गोविंदा पथकातून, क्लासमधून नाव कापलं, शेजारच्यांनी आपल्या पोरांना "त्याच्याशी बोलू नको" सांगितलं की मग त्याला कोण जवळ करणार, नाक्यावरची मोठी पोरंच ना, आणि ती पुढचं काम शिकवायला तयारच असतात. उलट काहीतरी जबाबदारी द्या, मंडपाचं सामान सांभाळू दे.

प्रकरण पोलिसांपर्यंत गेलंच तर घाबरू नका, मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मदत हवी असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.

पुढे नोकरीच्या वेळी आईवडील फार घाबरतात. बाल न्याय मंडळाने त्याला बालक म्हणूनच हाताळलं असेल तर त्याच बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्या जुन्या प्रकरणामुळे तो अपात्र ठरत नाही, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.