फ्लॅपच्या ऑपरेशननंतर पेशंटजवळ बसणाऱ्यांनी काय करायचं

ठाणे-बेलापूर रोडवर महाप्याजवळ माझ्या धाकट्या भावाच्या पायावरून ट्रेलरचं चाक गेलं, त्याला आता दोन वर्षं होतील. हाड मोडलं ते मोडलंच, पण घोट्याच्या वर वीतभर कातडी सोलून निघाली आणि नडगी उघडी पडली. डाव्या मांडीचा तुकडा काढून उजव्या नडगीवर बसवला, यालाच फ्लॅप म्हणतात, ऑपरेशन नऊ तास चाललं. पुढचे तीन दिवस मी आणि आई आळीपाळीने त्या पायाकडे बघत बसलो होतो. काय बघायचं हे पहिल्या रात्री दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, घणसोलीत हार्डवेअरचं दुकान आहे, सिस्टर आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे डोक्यात बसलं ते सांगतोय. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका.

आधी एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळे नातेवाईक "कातडी लावली" एवढंच म्हणतात. कातडीचा पातळ पापुद्रा काढून लावतात तो ग्राफ्ट, त्याला स्वतःचं रक्त नसतं, खालच्या जिवंत मांसावरच तो जगतो, त्यामुळे उघड्या हाडावर टिकत नाही. फ्लॅप म्हणजे झाड मुळाच्या गड्ड्यासकट उचलून दुसरीकडे लावणं. कातडी, खालची चरबी, कधी स्नायू, कधी हाडसुद्धा, आणि त्याची रक्त आणणारी धमनी अन् रक्त परत नेणारी शीर, असं सगळं एकत्र सोडवून काढतात आणि नव्या जागेच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. या रक्तवाहिन्या कोथिंबिरीच्या काडीएवढ्या, साधारण दोन-तीन मिलिमीटरच्या असतात आणि टाक्याचा दोरा केसापेक्षाही बारीक असतो, म्हणून मायक्रोस्कोप लागतो आणि म्हणूनच नऊ-दहा तास लागतात. बाहेर बसलेल्यांनी सहाव्या तासाला रडारड सुरू करू नये, वेळ लागणं म्हणजे काही बिघडलं असं नाही. (कपाळाची कातडी वळवून नाक करायचं काम पुण्याकडे अठराव्या शतकात होत होतं, १७९४ साली लंडनच्या एका मासिकात कावसजी नावाच्या माणसाच्या नाकाची हकीकत छापून आली होती. पण त्यात कातडी वळवताना तिचं मूळ कापत नसत. मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडायला सुरुवात झाली १९६० च्या सुमाराला आणि कातडीचा पूर्ण सुटा फ्लॅप १९७३ मध्ये आला.)

आता वेळेचं. पहिल्या हॉस्पिटलमध्ये आमचे दोन दिवस "ड्रेसिंगने भरून येईल" असं ऐकण्यात गेले, नाव घेत नाही. नडगीचा खालचा भाग मुळातच कातडी आणि हाड, आजूबाजूला ओढून घ्यायला मांस नाही, तिथे हाड उघडं असेल तर पहिल्याच दिवशी विचारा की प्लास्टिक सर्जनला दाखवलंय का. स्लोव्हेनियातल्या लुब्लियानाचे सर्जन मार्को गोदिना यांचा ५३२ पेशंटचा अभ्यास १९८६ मध्ये छापून आला, त्यात ७२ तासांच्या आत फ्लॅप झालेल्यांत तो फुकट जायचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं आणि उशीर झालेल्यांत १२ टक्के. आजकाल जखम नीट साफ ठेवली तर थोडा उशीर चालतो म्हणतात, पण पंधरा दिवस ड्रेसिंग करत बसायची ही जागा नव्हे.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले योजनेच्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा. एमआयडीसीतला कामगार असेल तर पगाराच्या स्लिपवर ईएसआयसी (कामगार विमा) कापला जातोय का ते बघा.

तंबाखू. यावर मी जरा जास्तच बोलणार. माझा भाऊ दिवसाला चार-पाच पुड्या मळायचा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि इथे सगळा खेळच त्या बारीक वाहिन्यांचा आहे. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी त्याचा कंपनीतला मित्र भेटायला आला आणि उशीखाली पुडी सरकवून गेला, प्रेमानेच. आईने ती पुडी सरळ टॉयलेटमध्ये टाकली आणि मित्राला वॉर्डाच्या दारात असं झापलं की तो परत आलाच नाही. सिगारेट, बिडी, गुटखा, मिश्री, निकोटिनचा च्युइंगगम, काहीच नको, आणि पेशंटजवळ बसून ओढणंही नको. आमच्या डॉक्टरांनी चहा-कॉफीही बंद केली होती, सगळे करत नाहीत, पण तिसऱ्या दिवशी भाऊ कटिंगसाठी अक्षरशः रडला.

बघायचं काय ते आता. बिघाड झालाच तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांतच होतो, आणि पहिले चोवीस तास सिस्टर दर तासाला येऊन तपासते. चांगल्या सेंटरला शंभरातले पंचाण्णव फ्लॅप टिकतात, पण उरलेल्यातला एखादा वाचवायचा तर बिघाड कळल्यावर काही तासांतच परत उघडावं लागतं. त्यामुळे तासाच्या मधली नजर तुमची.

पहिली चूक आम्ही ही केली की फ्लॅपचा रंग आजूबाजूच्या नडगीशी जुळवत बसलो. कातडी मांडीची आहे तर ती मांडीसारखीच दिसणार ना! दुसरी मांडी उघडी करून तिच्याशी तुलना करा. आपल्या सावळ्या कातडीवर रंगातला फरक पटकन कळत नाही आणि वॉर्डाच्या पिवळ्या दिव्यात तर काहीच कळत नाही, म्हणून दर तासाला मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात, त्याच अंतरावरून एक फोटो काढून ठेवा. एकेक फोटो बघून समजत नाही, पण सहा फोटो ओळीने बघितले की समजतं.

बिघाड दोन तऱ्हेचा. धमनी बंद पडली तर रक्त आत येत नाही, फ्लॅप फिका, थंड, मऊ आणि चपटा पडलेला दिसतो, दाबल्यावर रंग परत येत नाही. शीर बंद पडली तर आलेलं रक्त बाहेर जात नाही, मग तो जांभळट, फुगलेला, ताठ होतो, दाबून सोडला की रंग भसकन परत येतो, आणि कडेने काळपट रक्त झिरपतं. शिरेचंच लफडं जास्त होतं, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला तो फ्लॅप चांगला गुलाबी-लालसर "टवटवीत" वाटतो, त्यात लोक फसतात. ठीक असलेला फ्लॅप कोमट असतो, दाबून सोडल्यावर साधारण दोन-तीन सेकंदांत रंग भरतो. मात्र दाबून बघायचं असेल तर सिस्टरला विचारून, हात धुऊन. काकाला, मावशीला, सोसायटीच्या चेअरमनला दाबून दाखवायचं नाही. कातडीवर डॉक्टरांनी पेनाने किंवा टाक्याने एक खूण केलेली असते, तिथे डॉप्लर (रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र) लावला की धमनीचा फुस्-फुस् आवाज येतो. सिस्टर लावेल तेव्हा कान देऊन ऐका, आवाज कसा असतो ते लक्षात राहतं.

दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला मला फोटोत कडा जांभळ्या दिसल्या. सिस्टर म्हणाली, ड्रेसिंगची सावली असेल. मला लाज वाटत होती, आधीच दोनदा उगाच उठवलं होतं, तरी मी रेसिडेंट डॉक्टरला फोन लावायला लावला आणि सहा फोटो दाखवले. त्याने सुई टोचली, काळं रक्त आलं. दीड तासात ओटीमध्ये. शिरेत गुठळी होती, ती काढून परत जोडलं. सकाळी सातला बघितलं असतं तर हातात काय उरलं असतं माहीत नाही, म्हणून लाजू नका, दहा वेळा उठवा.

बाकी सांभाळायचं ते असं. गारव्याने वाहिन्या आखडतात, म्हणून एसी बंद, पेशंटवर चादर, बाजूच्या बेडवाल्याशी त्यावरून आमचं भांडणही झालं. पाय ज्या उंचीवर ठेवलाय तिथेच ठेवायचा, उशी कोणी काढायची नाही, बेडवर कोणी टेकायचं नाही. घट्ट पट्टी, दुमडलेली चादर, कॅथेटरची नळी, यातलं काहीही फ्लॅपवर दाबून राहता कामा नये. पाणी किती द्यायचं ते विचारून भरपूर द्या आणि लघवी किती होते ते लिहून ठेवा.

अजून एक, विषय जवळचाच आहे. रबाळे, तुर्भेच्या प्रेस मशीनवर बोटं तुटतात, तीही याच मायक्रोस्कोपखाली जोडता येतात. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळा, सलाईन असेल तर उत्तम, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं की गारठून मरतं. थंड ठेवलेलं बोट बरेच तास टिकतं, पण मनगटाच्या वरून तुटलेल्या हाताला, त्यात मांस जास्त असल्याने, जेमतेम सहा तास मिळतात.

आठवड्या-दहा दिवसांनी डॉक्टर पाय खाली सोडायला सांगतात, पहिल्यांदा पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, मग हळूहळू वाढवत. पाय खाली आला की फ्लॅप निळसर होतो, आमची तेव्हा परत पाचावर धारण बसली, पण वर घेतल्यावर काही मिनिटांत रंग पूर्वीसारखा झाला तर ठीक. नाही झाला तर पुन्हा फोन. आणि या फ्लॅपला संवेदना नसते. आमच्या आत्येने थंडीत मायेने गरम पाण्याची पिशवी आणून ठेवली होती, वेळेवर काढली म्हणून बरं, चटका बसला असता तरी त्याला कळलं नसतं. बूट घेताना मापाचा त्रास होतो, फ्लॅप जाडजूड असतो, सहा-आठ महिन्यांनी चरबी कमी करायचं छोटं ऑपरेशन करतात. भावाने ते केलेलं नाही, तो एक नंबर मोठा बूट घालतो, आणि नडगीवर मांडीचे केस उगवलेत ते सगळ्यांना दाखवत फिरतो.